कूलर बंद ठेवायचा दिवस

नागपुरात मे महिन्यात माणसाची परीक्षा घ्यायची असेल, तर त्याच्या घरातला कूलर बंद करावा. नवरा-बायकोचं प्रेम, सासू-सुनेची समजूत, लेकरांचे संस्कार, सगळं अर्ध्या तासात उघडं पडतं. आमच्या घरी ही परीक्षा दर वर्षी व्हायची, तीही नवतप्यात, आणि ती घेणारे होते माझे सासरे ईश्वरदास. मी त्यांना मामाजी म्हणते. नवतपा म्हणजे मे अखेरचे ते नऊ दिवस, ज्यांत कावळासुद्धा झाड सोडून उडत नाही. बाकीचे लोक तेव्हा दारं-खिडक्या लावून पडून राहतात. मामाजी मात्र या दिवसांची वर्षभर वाट पाहायचे, कारण त्यांच्या मते कैरीचं लोणचं घालायला याहून कोरडी हवा देवानं केलेली नाही.

मामाजींचं आणि पाण्याचं वैर जुनं आहे. त्यांचं घराणं कोष्ट्यांचं. वडील हातमागावर लुगडी विणायचे. उन्हाळ्यात सूत कोरडं पडलं की पटापट तुटतं, म्हणून त्या मागाच्या खोलीत दिवसभर पाणी शिंपडलेलं असायचं, दाराला ओली पोती टांगलेली असायची. सूत खूश, विणणारा खूश. पण त्याच खोलीच्या कोनाड्यात लोणच्याची बरणी असायची आणि ती दिवाळीच्या आत बुरशी धरायची. मामाजींची आई वरचा पांढरा थर काढून टाकायची, बरणीला ऊन दाखवायची आणि तेच वाढायची. मामाजी घरात धाकटे, म्हणून त्यांच्या पानात नेहमी उरलेलं यायचं. दिव्याच्या खांबाखाली अभ्यास केला असं काही लोक जसं सांगतात ना, तसं आमचे मामाजी सांगतात की मी बुरशीच्या वासाचं लोणचं खाऊन लहानाचा मोठा झालो.

पुढं त्यांना खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी लागली. तिथं साहेबांनी सुरुवातीलाच शिकवलं की वाफेबरोबर पाण्याचे थेंब गेले तर टर्बाइनची पाती खराब होतात. मामाजींना गुरुमंत्रच मिळाला. लग्न झालं, उमरेडच्या मैनाबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये आल्या, आणि पहिल्याच उन्हाळ्यात मामाजींनी लोणच्याचा कारभार आपल्या हातात घेतला. ते लोणचं पुढच्या वर्षीची कैरी येईपर्यंत जसंच्या तसं राहिलं. मामाजींनी बरणी उघडून अख्ख्या कॉलनीला त्याचा वास दिला म्हणतात. घरातला चमचा कुठे असतो हे त्यांना आजही माहीत नाही, पण तेव्हापासून लोणचं त्यांचं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी झिंगाबाई टाकळीत घर बांधलं, आणि मी सून होऊन आले ती याच घरात. मी वर्ध्याची, नाव रीना. आमच्याकडे लोणचं बाया घालतात, गप्पा मारत घालतात, आणि घामाचे दोन थेंब पडलेच तर ते मिठात धरतात. इथं येऊन पाहते तर लोणच्याच्या आदल्या दिवशी मामाजी कूलरची टाकी उपसून, फडक्यानं पुसून कोरडी करतायत. प्लग काढला, वायर गुंडाळली, वर सुतळीनं बांधली. कूलरची हवा ओली असते, तिनं फोडी ओल धरतात, हा त्यांचा सिद्धांत. पियुष, म्हणजे माझा नवरा, एकदा म्हणाला होता की बाबा, नुसतं बटण बंद केलं तरी चालते. तर म्हणाले, "बटणाचा भरोसा काय? कोणाचा हात लागून गेला तर?"

एवढ्यावर भागत नसे. पाण्याचा माठ उचलून बाहेर ओसरीत जायचा. ज्याला तहान लागेल त्यानं बाहेर जायचं, पाणी प्यायचं, तोंड, हनुवटी, हात कोपरापर्यंत टॉवेलनं पुसायचे, उन्हात उभं राहून ते वाळवायचे, आणि मग आत. दारात मामाजी विचारणारच, "हात वाळले का?" न्हालेल्या केसांच्या बाईला खोलीत मज्जाव. प्रत्येकाच्या कपाळाला दुपट्टा, घाम टपकू नये म्हणून. पंखा तेवढा चालायचा, तोही असा हळू की त्याची पाती मोजून घ्यावीत, कारण जोरात लावला तर मसाला उडतो. पहिल्या वर्षी मी या थाटात बसले तेव्हा मला वाटलं होतं, आपण लोणचं घालत नाही, कुठल्यातरी बंगल्यावर दरोडा घालायला निघालोय.

मी तोंडाची फटकळ आहे, मला जे वाटतं ते मी बोलते. आईंचं तसं नाही. सासूबाईंना मी आई म्हणते. आईंनी इतक्या वर्षांत मामाजींना एकदाही नाही म्हटलेलं नाही. भांडण नको म्हणून नव्हे. त्यांना खरंच वाटतं की माणूस वर्षभर काही मागत नाही, मग एक दिवस त्याच्या मनासारखा झाला तर आपलं काय झिजतं. पण यंदा मला काळजी होती. हिवाळ्यात आईंना बीपीची गोळी सुरू झाली होती, आणि उन्हाळा लागल्यापासून त्या जिना चढून आल्या की दोन मिनिटं कठड्याला धरून उभ्या राहत. मी मामाजींना सरळ म्हटलं, यंदा कूलर चालू ठेवू. नाहीतर फोडी आमच्या खोलीत नेऊ आणि आईंना कूलरपुढे बसवू.

"अन् मसाला कोण कालवणार?" मामाजी म्हणाले. "तिच्याच हाताचं मीठ बरोबर पडते. एका दिवसानं काय होते वं? चाळीस वर्षं केलं."

आई म्हणाल्या, "जाऊ दे रीना. मले काही होत नाही."

म्हणजे माझी बाजू माझ्याच माणसानं खाली बसवली. मी मनातून धुमसत होते.

त्या दिवशी माझी नणंद भारती उमरेडहून सकाळच्या एसटीनं आली, मांडीवर आपली रिकामी बरणी घेऊन. दोन्ही घरांचं लोणचं एकत्रच व्हायचं. रामटेककडच्या एका झाडाच्या कैऱ्या मामाजींनी आधीच आणून, धुऊन, पुसून, उन्हात सुकवून ठेवल्या होत्या. ते पाटावर बसवलेल्या विळ्यावर कैऱ्या फोडत होते, खट्ट, खट्ट. भारती आणि मी कोयीतलं बी काढून एकेक फोड कोरड्या कपड्यानं पुसत होतो आणि हॉलभर पसरलेल्या धोतरावर टाकत होतो. पियुष कैऱ्या आणून देण्याच्या निमित्तानं सारखा बाहेरच्या खोलीत जाऊन मोबाइल पाहत होता. आणि आई स्वयंपाकघरात गॅसपुढे होत्या. मेथ्या तळा, हिंग तळा, फल्लीचं, म्हणजे शेंगदाण्याचं तेल कडकडीत तापवा आणि निवायला ठेवा. बाहेर पंचेचाळीस होतं म्हणतात. स्वयंपाकघरात किती होतं ते विचारायला कोणी गेलं नाही.

तेल निवलं तसं आई परात घेऊन आमच्यात येऊन बसल्या. पहिल्या घाण्याला मीठ-हळद लावायला घेतली. त्यांचं तोंड लाल झालेलं मी पाहिलं, पण लाल तर आम्ही सगळेच झालो होतो.

"माझं डोकं जड होऊन राह्यलं," आई म्हणाल्या.

मामाजींनी मान वर केली नाही. "एवढ्या फोडीले मीठ लावून घे, मंग पड जराशी."

आईंनी परातीत हात घातला. मग त्या वाकल्या, आणि वाकतच राहिल्या. मला वाटलं, खालची फोड घेतायत. भारती म्हणाली, "आई. वं आई." आई आडव्या झाल्या होत्या. हळदीचा हात कोपरापर्यंत परातीत तसाच. मी त्यांना धरलं तर अंग तव्यासारखं तापलेलं, ओठ कोरडे, आणि डोळे अर्धवट उघडे पण आमच्याकडे न पाहणारे. मला त्या क्षणी खरंच वाटलं की आई गेल्या.

पुढचं सगळं मामाजींनी केलं. आम्ही दोघी नुसत्या हाका मारत होतो. गुडघ्यांमुळे पाटावरून उठायला ज्यांना दर वेळी कोणाचा तरी हात लागतो, ते मामाजी ओसरीत धावले, भरलेला माठ दोन्ही हातांनी उचलून आत आले आणि आईंच्या डोक्यापासून पायापर्यंत रिकामा केला. पाणी परातीत गेलं. हळदीच्या पाण्यात फोडी तरंगायला लागल्या. मग त्यांनी हॉलभर पसरलेलं धोतर एका झटक्यात ओढलं. सकाळपासून एकेक करून पुसलेल्या फोडी भिंतीपर्यंत उडाल्या, सोफ्याखाली गेल्या. धोतर बादलीत बुचकळून त्यांनी आईंना गुंडाळलं. "मैना," म्हणत होते, "मैना, इकडे पाह्य." मग कूलर. सुतळीची गाठ सुटेना, तर दातांनी तोडली. टाकी कोरडी, ती त्यांनीच पुसलेली. न्हाणीघरातून बादल्या आणून ते टाकीत ओतायला लागले, निम्मं पाणी टाकीत, निम्मं खोलीत. हॉलमध्ये आणून ठेवलेल्या तेलात पाणी गेलं, मोहरीच्या डाळीत गेलं, मिठाची पिशवी भिजली. पियुष ऑटो आणायला पळाला होता. मी म्हणत होते, मामाजी, पुरे, कूलर सुरू झाला. त्यांना ऐकूच येत नव्हतं. पाण्याचा एक थेंब ज्या खोलीत चालत नव्हता, तिथं घोट्याएवढं पाणी करून ते पुन्हा बादली भरायला चालले होते.

तेवढ्यात आईंनी डोळे नीट उघडले. इकडेतिकडे पाहिलं. आणि त्यांचं पहिलं वाक्य होतं, "अहो, फोडी भिजून राह्यल्या ना."

"मरू दे त्या फोडी," मामाजी म्हणाले, आणि बादली तिथंच ठेवून आईंजवळ पाण्यात बसले.

चौकातल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सलाइन लावलं. बीपी बरंच उतरलं होतं, पण हळूहळू जागेवर येत होतं. त्या म्हणाल्या, ओलं कापड लगेच गुंडाळलं ते फार बरं केलं. मग त्यांनी विचारलं, "पण घरात बसून ऊन लागलं कसं? कूलर नाही का तुमच्याकडे?"

मी तोंड उघडणार होते. सकाळपासून साठवलेलं सगळं जिभेवर तयार होतं. पण मामाजींनीच सांगितलं. ड्यूटीवर बिघाड झाला की साहेबांना जसं सांगायचे, तसं उभं राहून सगळं सांगितलं, टाकी उपसलेली, वायर बांधलेली, माठ बाहेर ठेवलेला, काही लपवलं नाही. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या. लोणच्यासाठी एवढं, असं त्यांच्या तोंडावर आलं होतं, पण मामाजींकडे पाहून त्यांनी ते गिळलं असावं.

त्या गेल्यावर मामाजींनी मला विचारलं, "तिनं सकाळपासून पाणी पेलं होतं का वं?"

मला माहीत नव्हतं. उत्तर खाटेवरून आलं. "नाही पेली," आई म्हणाल्या. "हात कोण वाळवत बसंल घडीघडी."

त्यात तक्रार नव्हती. भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तसं आईंनी सांगितलं. पण मामाजी भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, आणि त्यांचे खांदे हलताना मी पाहिले. माझ्या जिभेवरचं सगळं तिथंच विरघळलं. जे त्यांना सुनवायचं होतं ते त्यांना आता आईंच्या एका वाक्यात कळलं होतं, आणि माझ्यानं आणखी मीठ चोळवेना. मी त्यांना बसायला स्टूल दिलं.

सलाइन संपेपर्यंत आईंच्या तोंडावर कळा आली. बीपी ठीक आहे, घरी न्या, भरपूर पाणी पाजा, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तेव्हा माझ्या छातीवरून कोणीतरी पाटा उचलल्यासारखं झालं. ऑटोत बसलो तर बाहेर तीच आगीची झळ होती, पण मला ती गोड लागली. पियुष, जो एरवी दिवसातून चार वाक्यं बोलतो, तो सारखा बोलत सुटला होता. ऑटोवाल्यानं काहीही म्हटलं तरी आम्ही हसत होतो. आई मध्ये बसल्या होत्या, अजून ओलसर असलेल्या साडीतच, आणि मामाजींनी त्यांचा हात धरला होता. सुनेसमोर, मुलासमोर, भर रस्त्यात. आईंना लाज वाटत होती, पण त्यांनी तो सोडवला नाही.

घरी भारतीनं पाणी काढून टाकलं होतं आणि सोफ्याखालच्या सुद्धा फोडी गोळा करून टबात भरल्या होत्या. आईंना पाहून ती आधी रडली, मग म्हणाली, "बाबा, आता याचं काय करू?"

"फेकून दे," मामाजी म्हणाले.

कूलरपुढे पडलेल्या आई लगेच उठून बसायला लागल्या. "काहून फेकाच्या? रामटेकच्या कैऱ्या हायेत. चांगल्या धुवा, अन् गुळात शिजवा. रायतं करा."

रायतं म्हणजे आमच्याकडचं कैरीचं गोड-आंबट, गुळात शिजवून आटवलेलं. आईंच्या माहेरी उमरेडला ते घागरभर व्हायचं म्हणे, पण सासरी सगळी कैरी लोणच्यातच जायची, त्यामुळे इतक्या वर्षांत त्यांनी कधी वाटीभरापलीकडे केलं नव्हतं. भारती म्हणाली, पण आई, फोडी भिजल्या आहेत. तर आई म्हणाल्या, "भिजल्या तं भिजल्या. पाणी आटवाचंच हाय."

मामाजींनी टब उचलला आणि मागच्या नळाखाली नेला. लोणच्याच्या फोडी, ज्यांना त्यांनी आयुष्यात दवाचा वारा लागू दिला नाही, त्या ते धो धो नळाखाली धूत होते, दोन्ही हातांनी चोळून चोळून. भारतीनं मोबाइल काढला. "थांबा बाबा, फोटो काढते. उमरेडले कोणी विश्वास नाही ठेवणार."

"काढ," मामाजी म्हणाले.

मग भारती आणि मी कूलरच्या गार हवेत बसलो, आणि कोयीचं टणक साल सोडवून नुसता गर वेगळा करायला लागलो. पियुषही बसला, या वेळी मोबाइल न पाहता. आई पडल्या पडल्या सांगत होत्या, गूळ किती, लवंग किती, फोडणी कधी द्यायची. गप्पा चालल्या होत्या. कपाळाला कोणाच्या काही बांधलेलं नव्हतं. मामाजी स्वयंपाकघरात पातेल्यात चमचा फिरवत होते, आणि मध्येच त्यांनी आमच्याकडे मान वळवून विचारलं, "आणखी पाणी घालू का जराशी?"

भारती इतकी हसली की तिला ठसका लागला. काय झालं ते मामाजींना कळेना.

रायतं उतरवलं, बरण्या भरल्या, भारतीची बरणीही भरली. आणि या सगळ्यात मामाजींचं एक काम वेगळंच चाललं होतं. दर थोड्या वेळानं ते उठत, ओसरीत जात, पुन्हा भरून ठेवलेल्या माठातून पेला भरून आणत आणि आईंपुढे धरत. आई पीत. ते पेला रिकामा होईपर्यंत उभे राहत, मग परत जागेवर. हातांवरून पाणी टपकत असे, ते पुसत नसत. पाचव्या की सहाव्या पेल्याला आईंनी हात आडवा धरला.

"किती पाजता हो?" आई म्हणाल्या. "मी काय कूलर हाओ का, घ्या अन् भरत राहा?"

आम्ही सगळे हसलो. मामाजी हसले नाहीत. ते पेला तसाच धरून उभे होते.

"पी," ते म्हणाले. "मी लय भ्यालो होतो."

आईंनी पेला घेतला आणि सगळा प्यायल्या.